तेवीस दिवस, एक जाहिरात: असेंबल केलेला गेमिंग पीसी अ‍ॅपवरून विकताना

फेब्रुवारी २०२१ मध्ये धाकट्या भावाने आणि मी पैसे एकत्र करून मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारातून एकेक भाग आणला आणि ठाण्यातल्या मानपाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, आमचा गेमिंग पीसी उभा केला. रायझन ५ ५६०० एक्स प्रोसेसर, बी ५५० मदरबोर्ड, ३२ जीबी डीडीआर ४ रॅम, ८ जीबीचे आरटीएक्स ३०६० टीआय ग्राफिक्स कार्ड, माहिती साठवणारी १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी आणि सर्व भागांना वीज पुरवणारा ६५० वॅटचा एसएमपीएस एवढ्या साहित्याला मॉनिटर वगळून १,२४,००० रुपये लागले होते. त्या काळात चिपांचा तुटवडा होता, इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग करणारे, म्हणजे ग्राफिक्स कार्डे दिवसरात्र चालवून ते चलन मिळवणारे लोक कार्डे उचलत होते आणि ग्राफिक्स कार्ड मूळ किमतीला मिळणे हीच मोठी गोष्ट होती. २०२५ मध्ये भाऊ नोकरीनिमित्त बंगळुरूला गेला, माझे काम कार्यालयाच्या लॅपटॉपवर होऊ लागले, आणि चांगल्या स्थितीतले हे यंत्र कोपऱ्यात कापडाखाली पडून राहू नये म्हणून आम्ही ते विकायचे ठरवले. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी मी जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या एका अ‍ॅपवर जाहिरात दिली आणि २१ डिसेंबरला पीसी ४७,००० रुपयांना कोपरखैरण्याला गेला. या तेवीस दिवसांत अ‍ॅपचा मला कोठे उपयोग झाला आणि कोठे त्याने माझे काम वाढवले, ते येथे नोंदवते आहे. अ‍ॅपचे नाव देत नाही.

अ‍ॅपवर येण्यापूर्वी मी ठाणे स्थानकाजवळच्या, जुने संगणक घेणाऱ्या एका दुकानात भाव विचारला होता. दुकानदाराने भागांची यादी वाचली आणि २८,००० रुपये सांगितले. कॅबिनेट, प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर आणि एसएमपीएस यांचे त्याने काहीच धरले नाही. हा आकडा ऐकून मला वाईट वाटले, पण तो अन्याय्य होता असे मी म्हणणार नाही, कारण दुकानदाराला पीसी तपासावा लागतो, काही आठवडे ठेवावा लागतो, आणि विकल्यावर महिनाभर तरी त्याची जबाबदारी घ्यावी लागते. ज्यांना आजच पैसे हवे आहेत आणि अनोळखी माणसांशी बोलायचे नाही, त्यांनी दुकानातच द्यावे. मला केवळ रॅमचा भाव पटला नाही. ३२ जीबीचे त्याने ३,००० रुपये धरले होते, आणि त्याच शरद ऋतूपासून रॅमचे दर जगभर चढू लागले होते. एआयच्या सर्व्हरांसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखान्यांची क्षमता वळल्यामुळे साध्या ग्राहकांच्या रॅमचा पुरवठा आटत होता, आणि ३ डिसेंबरला मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने ‘क्रुशल’ या नावाने चालणारा आपला ग्राहकांसाठीचा व्यवसाय बंद करत असल्याचे जाहीर केले. जुनी वस्तू पाच वर्षांनी स्वस्तच होते ही आपली समजूत या एका भागाच्या बाबतीत खोटी ठरली. आज कोणी जुना पीसी विकत असेल तर त्याने सर्वांत आधी रॅमचा चालू भाव पाहावा, आणि तोही मागितलेला भाव नव्हे, तर प्रत्यक्ष विक्री झालेला भाव.

अ‍ॅपबद्दलची माझी मुख्य तक्रार जाहिरातीच्या पहिल्याच पानावर सुरू होते. ‘संगणक’ या विभागात गेल्यावर अ‍ॅप विचारते: ब्रँड कोणता, मॉडेल कोणते, किती वर्षे जुना. असेंबल केलेल्या पीसीला ब्रँड नसतो आणि मॉडेलही नसते. त्याचे सारे मोल आतल्या भागांत आणि त्या भागांच्या बिलांत असते, आणि नेमके तेच भरायला रकाना नाही. मी नाइलाजाने ब्रँडच्या जागी ‘इतर’ निवडले, तेव्हा अ‍ॅपने स्वतःहून सुचवलेली किंमत ९,००० ते १४,००० रुपये होती, म्हणजे एखाद्या बँकेतून निघालेल्या जुन्या डेस्कटॉपची. ही सूचना विक्रेत्याला दिसते तशी ती ग्राहकालाही ‘या विभागातील सरासरी’ म्हणून दिसते, आणि मग पहिले दहा जण ‘सरासरीपेक्षा एवढे जास्त का’ एवढेच विचारत राहतात. मोटारीच्या जाहिरातीत हेच अ‍ॅप किती किलोमीटर चालली, मालक कितवा, विमा कधीपर्यंत, असे सगळे विचारते. पीसीच्या बाबतीतही प्रत्येक भागाचे नाव, खरेदीचा महिना, बिल आहे की नाही आणि वॉरंटी कधीपर्यंत, एवढे चार रकाने असते तर निम्मे प्रश्न उद्भवलेच नसते.

त्यामुळे ते सर्व मला वर्णनात लिहावे लागले, आणि ते लिहिण्याआधी करावे लागले. घोडबंदर रोडवरच्या मेट्रो ४ च्या कामाची धूळ आमच्या घरात अनेक वर्षे येत होती, आणि पीसीच्या पंख्यांवर तिचा थर बसला होता. ब्लोअरने सगळी धूळ काढली, प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी थर्मल पेस्ट बदलली, पावसाळ्यात गंजलेले कॅबिनेटचे चार स्क्रू बदलले. पूर्ण भारावर प्रोसेसरचे तापमान आधी ८२ अंशांवर जात होते, ते ७१ वर आले. साडेतीनशे रुपयांचा हा खर्च मला सर्वांत सार्थ वाटतो, कारण स्वच्छ आतला भाग पाहिल्यावर माणूस घासाघीस वेगळ्या सुरात करतो. छायाचित्रे मी रंगीत दिवे बंद करून, सकाळच्या उजेडात, काचेचे पॅनल काढून घेतली. अंधारात दिवे लावून काढलेली छायाचित्रे आकर्षक दिसतात, परंतु त्यांत धूळही दिसत नाही आणि कार्डाचे नावही वाचता येत नाही, आणि जाणकार ग्राहक नेमक्या याच कारणाने त्यांच्याकडे संशयाने पाहतो. दुर्दैवाने अ‍ॅप छायाचित्रे इतकी दाबून लहान करते की तपासणीच्या कार्यक्रमांचे मी घातलेले स्क्रीनशॉट कोणालाच वाचता येईनात. ज्यांनी खरोखर रस दाखवला त्यांना ते वेगळे पाठवावे लागले.

किमतीव्यतिरिक्त सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न होता: ‘कार्डावर मायनिंग केले आहे का?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर नीट द्यायला हवे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली आणि ग्राफिक्स कार्डाने त्याचे मायनिंग करणे संपले, परंतु तोपर्यंत दिवसरात्र राबलेली कार्डे आजही हातोहात फिरत आहेत. या कार्डांची चिप बनवणाऱ्या एनव्हीडियाने मायनिंगचा वेग निम्म्यावर आणणारी ३०६० टीआय कार्डे मे २०२१ मध्ये जाहीर केली. आमचे कार्ड त्याआधीचे, म्हणजे अशा बंधनाविना आलेले, आणि म्हणून जाणकारांना त्याचा संशय अधिक. ग्राफिक्स कार्डाला मोटारीसारखा किलोमीटर दाखवणारा काटा नसतो, पण एसएसडीला असतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत कार्यक्रम एसएसडी एकूण किती तास चालू होती ते दाखवतो, आणि आमच्या एसएसडीचा आकडा ६,१४० तास होता. पीसी घरात आल्यापासून विकेपर्यंत सुमारे ४२,००० तास उलटले होते. इथेरियमचे मायनिंग संपेपर्यंतच अखंड चालवलेल्या यंत्राचाही आकडा तेरा हजारांच्या वर गेला असता, आणि आमचा दिवसाला साडेतीन तास पडतो, म्हणजे दोन भावंडांनी संध्याकाळी खेळावे तेवढा. हा पुरावा अप्रत्यक्ष आहे हे मी प्रत्येकाला सांगितले, कारण एसएसडी बदलता येते. त्यासोबत एसएसडीचे आणि कार्डाचे एकाच दिवसाचे बिल दाखवले, ज्यावर दोन्हींचे अनुक्रमांक छापलेले होते. अशी बिले जपून ठेवलेली असणे हीच त्या विक्रीतली खरी ठेव होती.

दुसरा प्रश्न विंडोज ११ चा होता. विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे अनेक जण हे विचारत होते. आमचा प्रोसेसर पात्र यादीत आहे, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम ही सुरक्षेची सोय सुरू करावी लागली. मी ते आधीच करून विंडोज ११ घातले आणि तसे लिहिले. ज्यांचा पीसी पात्र आहे त्यांनी ही पाच मिनिटांची गोष्ट ग्राहकावर सोडू नये. आणखी एकाने संगणकावरचे खेळ विकणाऱ्या स्टीम या सेवेच्या खात्यासकट, म्हणजे आम्ही घेतलेल्या खेळांसकट, पीसी मागितला आणि त्याचे चार हजार अधिक देऊ केले. ते खाते दुसऱ्याला विकण्यास स्टीमच्या अटींनुसार परवानगी नाही, म्हणून मी नकार दिला.

आता फसवणुकीविषयी, कारण या बाबतीत अ‍ॅपने माझी निराशा केली. जाहिरात दिल्यापासून चाळीस मिनिटांच्या आत एकाचा संदेश आला. आपण निमलष्करी दलात आहोत, विमानतळावर नेमणूक आहे, पीसी न पाहता पूर्ण किमतीला घेतो, आगाऊ पैसे आत्ताच पाठवतो. सोबत गणवेशातले छायाचित्र आणि ओळखपत्र. मग एक क्यूआर कोड आला आणि तो स्कॅन करून पिन टाकल्यावर पैसे माझ्या खात्यात येतील असे सांगण्यात आले. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही. पिन लागतो तो पैसे देताना. मला हे ठाऊक होते म्हणून मी वाचले, पण माझ्या आईने ती जाहिरात दिली असती तर काय झाले असते, या विचाराने मी त्या रात्री खरोखर अस्वस्थ होते. मी ताबडतोब अ‍ॅपकडे तक्रार केली आणि संवादाची चित्रे जोडली. उत्तर नऊ दिवसांनी आले, ‘आपल्या अभिप्रायाबद्दल आभार’ एवढेच, आणि ते खाते त्या दिवशीही चालू होते. पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर विनाविलंब फोन करावा, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते. हा क्रमांक अ‍ॅपच्या संवादाच्या खिडकीत ठळकपणे असायला हवा. तो कोठेही नव्हता.

तरीही अ‍ॅपचे श्रेय मी नाकारणार नाही. जाहिरात विनामूल्य होती, फोन क्रमांक न देता आतल्या संवादातून बोलता येत होते, आणि कल्याण, ऐरोली, खारघर, अगदी पनवेलपर्यंतच्या लोकांना ती दिसली. ओळखीच्यांत आणि सोसायटीच्या ग्रुपवर विचारून मला एकही गंभीर ग्राहक मिळाला नव्हता. अ‍ॅपवर एकूण त्रेसष्ट जणांनी संपर्क केला. त्यांतल्या बहुतेकांचा पहिला आणि शेवटचा प्रश्न ‘लास्ट प्राइस किती’ हा होता, आठ-दहा जण केवळ ग्राफिक्स कार्ड किंवा केवळ रॅम मागत होते, आणि पाच जण सविस्तर बोलले. भाग सुटे विकले असते तर मला बहुधा चार-पाच हजार अधिक मिळाले असते. पण मग कॅबिनेट, मदरबोर्ड आणि कूलर महिनोन्‌महिने घरात पडून राहिले असते, आणि प्रत्येक भागासाठी वेगळा अनोळखी माणूस दारात आला असता. पूर्ण पीसी एकत्र देण्याचा निर्णय मी आजही योग्य मानते. जाहिरात वर दिसावी म्हणून पैसे भरण्याची सोयही मी एकदा वापरून पाहिली, आणि त्या तीन दिवसांत ‘लास्ट प्राइस’ विचारणारेच वाढले, म्हणून पुन्हा वापरली नाही.

ज्याने शेवटी घेतला तो कोपरखैरण्याचा, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी. त्याचा पहिला संदेशच वेगळा होता: ‘ताई, एसएमपीएस कोणत्या वर्षीचा आहे आणि त्याचे बिल आहे का?’ हा प्रश्न त्रेसष्ट जणांत एकानेच विचारला. एसएमपीएस बिघडला तर तो बाकीचे भागही निकामी करू शकतो, आणि आमच्या एसएमपीएसची वॉरंटी दहा वर्षांची, म्हणजे २०३१ पर्यंतची होती. तो रविवारी वडिलांना घेऊन ट्रान्स हार्बरच्या लोकलने ठाण्याला आला. मी बोलावणे दिवसाउजेडी ठेवले होते आणि शेजारच्या काकांना घरी बसायला सांगितले होते. अनोळखी माणसांना घरी बोलावताना एवढी काळजी कोणीही घ्यावी.

पीसी त्यांच्या समोर, थंड अवस्थेतून, पहिल्यांदा सुरू केला. आधीच गरम करून ठेवलेला पीसी काही दोष लपवतो, आणि हे त्या मुलाला माहीत होते. त्याने कॅबिनेटवर हात ठेवून पाहिला तेव्हा मला त्याचा राग न येता बरेच वाटले. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड या कार्यक्रमात कार्डाचे नाव आणि मेमरी जुळवून पाहिली, क्रिस्टलडिस्कइन्फोमधले तास पाहिले, बिलावरचे अनुक्रमांक कार्डावरच्या चिकटपट्टीशी ताडले आणि मग अर्धा तास एक जड खेळ चालवला. कार्डाचे तापमान ७२ अंशांवर स्थिरावले आणि पंख्याचा आवाज एकसारखा राहिला. वडील सगळा वेळ शांत बसले होते. चहा घेताना ते म्हणाले, “ताई, मला यातले काही कळत नाही. तुमच्या भावाला तुम्ही हाच दिला असता का, एवढेच सांगा.” मी त्यांना सांगितले की भावानेच तो पाच वर्षे वापरला आहे, आणि दोष माहीत आहेत तेही सांगते: समोरचा एक यूएसबी पोर्ट सैल आहे आणि काचेच्या पॅनलच्या खालच्या कोपऱ्याला ओरखडा आहे. दोन्ही गोष्टी जाहिरातीतही लिहिलेल्या होत्या. जाहिरातीत किंमत ५०,००० होती. त्यांनी ४५,००० सांगितले, आणि आम्ही ४७,००० वर थांबलो.

पैसे त्यांनी बँकेतून आयएमपीएसने पाठवले. मोबाइलवर संदेश आला तरी मी बँकेच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक पाहूनच पीसी दिला, कारण जमा झाल्याचे खोटे संदेश पाठवणारेही असतात. त्यांना ते आधीच सांगितले होते, आणि त्यांनी काही वावगे मानले नाही. साध्या कागदावर तारीख, रक्कम, प्रत्येक भागाचा अनुक्रमांक आणि ‘तपासून घेतले’ असे लिहून दोघांनी सह्या केल्या, एकेक प्रत ठेवली आणि मूळ बिले त्यांना दिली. हा कागद दोघांच्याही उपयोगाचा आहे: उद्या वॉरंटीसाठी त्यांना, आणि यंत्राचा कोणी गैरवापर केल्यास मला.

आदल्या रात्री मी एसएसडी मदरबोर्डच्या बायोसमधल्या सोयीने पूर्ण पुसली होती. नुसते क्विक फॉरमॅट केल्याने फायलींची यादी जाते, मजकूर तसाच राहू शकतो आणि साध्या कार्यक्रमांनी परत काढता येतो. आमची पाच वर्षांची छायाचित्रे, आधार कार्डाच्या प्रती आणि बँकेची पत्रके त्या एसएसडीवर होती. पुसल्यावर विंडोज नव्याने घातले आणि माझ्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून हा पीसी काढून टाकला.

नेण्याच्या बाबतीत मी थोडा आग्रह धरला. ते रिक्षाने तसाच नेणार होते, आणि कळवा, विटावा, ऐरोली हा रस्ता धक्क्यांचा आहे. एवढे जड कार्ड मदरबोर्डवरच्या स्लॉटला लटकलेले असताना धक्के बसले तर स्लॉट तुटू शकतो. म्हणून आम्ही ग्राफिक्स कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यात घातले, काचेचे पॅनल चादरीत गुंडाळले आणि कॅबिनेट मदरबोर्ड खाली येईल असे आडवे मागच्या सीटवर ठेवले. मूळ खोका पाच वर्षे माळ्यावर जपल्याबद्दल आईने मला अनेकदा बोलून घेतले होते. संध्याकाळी मुलाचा फोन आला की पीसी सुरू होतो पण पडद्यावर काही येत नाही. कार्डाला वीज देणारी आठ पिनांची केबल जोडायची राहिली होती. फोनवरच ते झाले.

विक्रीनंतरही अ‍ॅपचे काम संपले नाही. जाहिरात ‘विकले’ अशी नोंदवूनही ती शोधात पाच दिवस दिसत राहिली आणि विचारणा येत राहिल्या, म्हणून मी ती पूर्णपणे काढून टाकली. काढताच त्या जाहिरातीवरचे सगळे संवादही नाहीसे झाले, त्या तोतया जवानाचेही, ज्याच्यावर मी पुन्हा तक्रार करणार होते. जाहिरात पुसण्याआधी संवादांची चित्रे काढून ठेवावीत ही सूचना अ‍ॅप देत नाही, म्हणून मी ती देते.